सप्तमातली अमावास्या

ही गोष्ट मी पन्नास वर्षे टाळली. घरात कोणी विचारले, "तुम्ही पत्रिका बघणं का सोडलंत?" की मी डोळ्यांचे कारण पुढे करायचो. डोळे बरे आहेत. तांदळातला खडा मला अजून सुनेच्या आधी दिसतो. खरे कारण एका पत्रिकेत आहे. ती मांडली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, आणि ती मांडताना मला जितका आनंद झाला तितका त्यानंतर क्वचितच कशाने झाला असेल. हेही लिहायला हवे. नुसते पश्चात्तापाचे लिहिले तर ते अर्धेच खरे होईल.

आमचे गाव मुरबाडपासून पायी दीड तासावर. वडील आसपासच्या दहा-बारा गावांचे जोशी. आमच्याकडच्या शेतकऱ्यांना तेव्हा जन्माच्या तारखा ठाऊक नसत. "पूर आला त्या साली", "थोरला बैल वाघाने नेला त्याच्या पुढच्या होळीला" असे सांगत. त्यातून साल, महिना, तिथी हुडकून काढायची आणि मग त्या सालचे पंचांग उघडायचे. म्हणून वडील एकही जुने पंचांग टाकत नसत. माळ्यावर तांबड्या फडक्यात सगळी साले बांधून ठेवलेली होती. पत्रिका मागायला कोणी आले की वडील आधी बाळाच्या आईला विचारत. ती आलेली नसली तर म्हणत, "जा, तिला घेऊन ये." बाप बिचारा दोन कोस परत जाई. मला तो निव्वळ वेळकाढूपणा वाटे.

माझी ओढ आकाशाची होती. पंचांगात बघून मी ठरवायचो की आज चंद्र अमुक नक्षत्रात आहे, सिद्धगडाच्या डाव्या अंगाला उगवणार. आणि संध्याकाळी खळ्यात उभा राहून बघायचो. उगवायचा! बरोबर तिथेच! अंगावर काटा यायचा. कागदावरचे आकडे आणि डोंगरावरचा चंद्र यांची गाठ पडलेली बघताना मला वाटे, आता माणसांचे आयुष्य तेवढे बघायचे राहिले आहे.

युद्ध सुरू झाले त्या वर्षी वडील गेले आणि गादी माझ्याकडे आली. माणसे मला 'जोशीबुवा' म्हणू लागली. तोंडावर मिशी धड फुटलेली नाही, पण पन्नाशीची माणसे वाकून रामराम करायची. ते मला फार आवडत असे.

दोन-तीन वर्षांनी, माघात, आमच्यापासून तीन कोसांवरच्या गावचा एक शेतकरी माझ्याकडे आला. म्हसाच्या जत्रेत तो बैल विकायला गेला होता, बरोबर सोळा-सतरा वर्षांची लेक होती. शहापूरकडचा एक मोठा शेतकरी आपल्या मुलाला घेऊन त्याच जत्रेत बैल घ्यायला आला. सौदा जमत आला आणि ही पोरगी मध्येच बोलली, "ह्यो डाव्या अंगाला दबतोय. उजव्याला जुंपा." बापाने कपाळाला हात लावला. पण शहापूरकर खो खो हसला. म्हणाला, "बैल विकाया आली आनि खोड सांगून बसली! असली सून पायजे मला." मुलगाही हसत होता. बैल तर घेतलाच, वर मागणी घातली.

"आता पत्रिका पायजे म्हणतात," बाप मला सांगत होता. आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. "शहापूरचं घर वो, बुवा. गवताच्या गंज्या बगितल्या तर मान दुखंल. पोर आमची भाताच्या राशीत लोळंल."

"जन्म कधीचा?" मी विचारले.

"आषाढातल्या अवसेला. दिवे लावायच्या टायमाला."

"अवस नक्की?"

"नक्की म्हंजे! ऐन लावणी. अवस म्हणून औत सोडलेलं, बैल दावणीला. मी घरात व्हतो म्हणून तर सुईणीला आणाया धावलो. नायतर मी चिखलातच असतो."

साल त्याने पुरावरून सांगितले. बायकोला घेऊन ये, असे मी म्हटले नाही. सगळेच इतके स्पष्ट होते. औत सोडलेले, बैल दावणीला. आमच्या भागात अमावास्येला नांगर धरत नाहीत. आणखी काय पुरावा पाहिजे?

तो गेल्यावर मी माळ्यावर चढलो, ते पंचांग काढले आणि ओटीवर पाट मांडून बसलो. आधी रवी बघितला. नुकताच कर्केत शिरलेला. मग चंद्र. तोही कर्केत. अमावास्या म्हटल्यावर दोघे एकत्र असणारच, त्यात नवल नाही. रवी आणि चंद्र एका ठिकाणी आले की अमावास्या. तिथून चंद्र बारा-बारा अंश पुढे सरकतो तशा प्रतिपदा, द्वितीया लागत जातात. पण या मुलीच्या जन्मवेळी दोघांत एक अंशसुद्धा अंतर नव्हते! अमावास्या संपायला जेमतेम घटका-दोन घटका उरलेल्या. अशी नेमकी युती मी तोवर पोथीतच वाचली होती.

आणि मग घरे मांडली. जन्माच्या वेळी पूर्वेला जी रास उगवत असते तिथून पत्रिकेचे पहिले घर सुरू होते. जन्म सूर्यास्ताचा, सूर्य कर्केत मावळणारा, म्हणजे समोर मकर उगवणार. मकर पहिली, तर कर्क सातवी. सातवे घर नवऱ्याचे. लग्नाचा प्रश्न, आणि लग्नाच्या घरात नेमकी अमावास्या!

मी पाटावरून उठलोच. खळ्यात दोन फेऱ्या मारल्या, परत आलो, परत गणित केले. तेच उत्तर. आई म्हणाली, "काय रे, विंचू चावला का?" मी म्हटले, "आई, असली पत्रिका बाबांनी जन्मात बघितली नसेल!" त्या पत्रिकेच्या मागे एक मुलगी आहे, तिने डाव्या अंगाला दबणाऱ्या बैलाचे खरे सांगितले होते, हे माझ्या मनातसुद्धा आले नाही. पोथीतले श्लोक एकामागून एक आठवत होते. रवीच्या इतक्या जवळ आलेला चंद्र निर्बळ होतो. चंद्र म्हणजे मन, चंद्र म्हणजे आई, घरातले सुख. ते सगळे नवऱ्याच्या घरात विझलेले. मी पानभर फलित लिहिले. अक्षर इतके सुंदर आले होते की मला ते पुनःपुन्हा वाचावेसे वाटले.

ठरल्या दिवशी शहापूरकराने माझ्यासाठी बैलगाडी पाठवली. माझ्या एकट्यासाठी! काळू नदी ओलांडताना गाडीवान विचारत होता, "बुवा, जमतंय का?" मी गूढ हसलो. मला ते हसणे आता आठवते आणि मान खाली जाते.

घर खरोखर मोठे होते. ओट्यावर घोंगड्या अंथरलेल्या, मुलाचा बाप, गावातली चार माणसे, मुलीचा बाप. मुलीची आई दाराच्या आत, चौकटीला टेकून बसलेली. तबकात सुपारी ठेवलेली होती. मी पत्रिका उलगडली आणि बोलू लागलो. मला बोलता येत असे. माणसे कशी पुढे सरकून ऐकत होती! मी बोटाने दाखवले: हा रवी, हा चंद्र, हे नवऱ्याचे घर. "अमावास्या प्रत्येक महिन्याला येते," मी म्हणालो, "पण सप्तमातली अमावास्या शंभरात एखादीच्या कपाळी."

मुलाच्या बापाच्या तोंडावरचे हसू हळूहळू गेले. आणि आतून आवाज आला.

"बुवा, रागावू नका. पण माझी पोर अवसेची नाय."

सगळे वळले. मुलीची आई उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरलेला.

"दिव्याच्या अवसेला मी दिवे पुजले, ते आदल्या दिशी. पोर दुसऱ्या दिशी झाली. श्रावण लागला व्हता. आनि झाली तवा मी कोर बगितली. सुईणीनं पाणी टाकाया मागलं दार उघडलं, तर समोर ढग फाटलेलं आनि नखाएवढी कोर."

ओट्यावर हशा पिकला. एक म्हातारा म्हणाला, "अगो वयनी, ह्या दिसांत आमाला सूर्य गावत नाय आनि तुला कोर गावली?"

"गावली. म्हणून तर ध्यानात रायली."

मी मात्र हसलो नाही. मला राग आला होता. माझी ती नेमकी, देखणी युती ही बाई मोडायला निघाली होती. मी म्हटले, "आदल्या दिवशी तू दिवे घासले असशील. पुजले नसशील."

"पुजले, बुवा. घासले ते त्याच्याबी आदल्या दिशी."

"गप गं," तिचा नवरा कळवळून म्हणाला. तो खोटे बोलणारा माणूस नव्हता, स्वतःच्या नुकसानीचे असले तरी. "अवसच व्हती. बैल दावणीला व्हते, हे मी इसरीन काय?"

"बैलांचं मला ठावं नाय. मला दिवे ठावं हायेत."

तेव्हा मी ते वाक्य बोललो. आवाजही चढवला नाही, हसऱ्या, समजूतदार सुरात बोललो. "बाई, पंचांग खोटं बोलत नाही. लेकीसाठी आई खोटं बोलते, ते मी समजू शकतो."

तिने माझ्याकडे बघितले. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हते. "मी खोटं नाय बोलले," एवढे म्हणाली आणि आत जाऊन बसली.

मुलाच्या बापाने सुपारीकडे बघत विचारले, "बुवा, ह्याला कायतरी शांत असंल ना? पोराच्या मनात बसलीय ती."

अमावास्येच्या जन्माला शांत आहे. सगळ्या जोशांना ठाऊक असते. मी 'आहे' म्हणालो असतो तर ते लग्न झाले असते. पण माझे बोलणे रंगात आले होते. मी म्हणालो, "जन्माचा दोष शांतीने जातो. सप्तमातल्या युतीला शांत नाही." हे कोणत्याही ग्रंथात नाही. ते माझे स्वतःचे होते, त्या क्षणी सुचलेले.

त्याने सुपारी न फोडताच तबक उचलून आत नेले. मुलीचे आईबाप पायीच निघाले. मला परत पोचवायला बैलगाडी होती.

त्या एका पत्रिकेने माझे नाव झाले. शहापूरकडून, खर्डीकडून माणसे येऊ लागली. "सप्तमातली अवस पकडली ती ह्यांनीच," अशी माझी ओळख करून देत. इकडे त्या मुलीला तिच्या गावात 'अवसेची' म्हणू लागले. पाणवठ्यावर बायका घागर बाजूला घेत, असे कानावर आले. तीन वर्षे तिच्यासाठी कोणी आले नाही. चौथ्या वर्षी वैशाखात डोळखांबकडच्या एका बिजवराला दिली. त्याला पहिलीची दोन मुले होती.

त्याच वर्षीच्या आषाढात मी एका गावी मुहूर्त सांगून परत येत होतो. आषाढी अमावास्येचा दिवस. पावसाची सर आली म्हणून वाटेतल्या गावात एका पडवीत शिरलो. ते त्या मुलीचे माहेरचे गाव. समोर बघतो तर शेते माणसांनी भरलेली, आणि चिखलात चार-पाच औते चाललेली! पडवीत एक म्हातारा तंबाखू मळत बसला होता. मी त्याला दटावले, "अरे, आज अमावास्या ना? आणि औत धरलंत?"

"आज तिथीची अवस वो, बुवा," तो शांतपणे म्हणाला. "आमची अवस उद्या."

"म्हणजे काय?"

"लावणी अंगावर आली की अवस एक दिस पुढं ढकलतो. ह्या पाण्याचा दिस कोन घालवील? बायका घरात दिवे पुजतात आजच. बैलांची अवस उद्या." आणि हसला. "बैल काय पंचांग वाचतोय व्हय?"

"हे कधीपासून?"

"माझ्या आज्याच्या आदीपास्नं."

मी पावसातच निघालो. निघालो कसला, पळालो. बांधावरून दोनदा घसरलो. डोक्यात एकच शब्द होता: अवस. मुलीच्या बापाची अवस म्हणजे बैल सोडायचा दिवस. आईची अवस म्हणजे दिवे पुजायचा दिवस. दोघेही खरे बोलत होते, आणि त्यांच्यात बरोबर एका दिवसाचे अंतर होते!

घरी पोचून ओल्या कपड्यांनीच त्या सालचे पंचांग उघडले. हात भिजलेले होते म्हणून आधी पुसले. अमावास्या संपली सूर्यास्तानंतर लगेच. त्या दिवसांत चंद्राची गती मोठी. दुसऱ्या दिवशी दिवे लावायच्या वेळी रवी कर्केच्या पहिल्या अंशापाशी आणि चंद्र त्याच्या साडेतेरा अंश पुढे. बारा अंश ओलांडले, म्हणजे श्रावणातली द्वितीया लागली. चंद्रदर्शनाचा दिवस! सूर्य मावळल्यावर पश्चिमेला, अगदी खाली, थोडाच वेळ कोर दिसणार. तिने मागच्या दारातून बघितली ती हीच.

मी चुकलो होतो, आणि तरीही माझे काळीज आनंदाने उडत होते. हे कसे सांगू? सगळे जुळत होते. दिवे, बैल, सुईण, मागले दार, फाटलेले ढग, सगळे! एका बाईची आठवण आणि आकाश यांची इतकी चोख गाठ मी आयुष्यात दुसरी बघितली नाही. पुष्य नक्षत्र आले. चंद्र स्वतःच्या राशीत, सूर्यापासून सुटून वाढीला लागलेला. गंमत अशी की पत्रिकेच्या चौकटीत काहीच बदलले नाही. सातव्या घरात रवी आणि चंद्र पहिल्यासारखेच शेजारी. कोणीही दोन्ही कागद शेजारी ठेवले तर म्हणेल, एकच पत्रिका आहे. एका घरात दोघे आहेत एवढेच बघून अमावास्या म्हणायचे नसते. मधले अंश मोजायचे असतात. ते अंश मी मोजले होतेच, पण चुकीच्या दिवसाचे.

कपडे अंगावरच वाळले तेव्हा आनंद ओसरला. वैशाखातच ती बिजवराच्या घरी गेली होती.

मी तेव्हाच उठून तिच्या आईकडे जायला हवे होते. गेलो नाही. मनाला सांगितले, आता लग्न झाले, आता सांगून तिच्या जिवाला घोर कशाला. हे कारण चांगले होते म्हणून मी ते धरून ठेवले. खरे असे की शहापूर, खर्डी, सगळीकडे माझी ओळख त्या एका चुकीची होती. ती चूक आहे असे म्हटले तर मी कोण उरणार होतो?

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ती आई माझ्या ओटीवर येऊन उभी राहिली. एकटी. केस पिकू लागले होते. मला वाटले, हिला कळले. 

"रामराम, बुवा. नातू झाला. लेक बाळंतपणाला आमच्याकडंच आली व्हती. पत्रिका मांडून पायजे."

"बसा," मी म्हटले. पहिल्यांदाच तिला 'बसा' म्हटले. "जन्म कधीचा?"

ती बसली नाही. उभी राहूनच, धडा म्हणावा तसे बोलू लागली. "आश्विनातली एकादशी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिशीची. तुमच्या पंचांगातली, मुरबाडच्या देवळातल्या गुरवाला इचारून आले. दुपारची वेळ. ओट्याची सावली तिसऱ्या फरशीच्या चिरेवर व्हती. मी खडूची रेघ मारून ठेवलीय, तुमी येऊन बगा. सुईण व्हती, शेजारीण व्हती, दोघींना सावली दाखवली. पाटलांच्या मुलाकडं घड्याळ हाय, त्याला बोलावला. त्याच्या घड्याळात दोन वाजून धा मिनिटं. त्याला चिठ्ठी लिवाया लावली." तिने कमरेची चंची सोडली आणि चौघडी घातलेला कागद माझ्यापुढे धरला. "ह्या बारीला माझ्या तोंडचं कायबी घेऊ नका. साक्षीदार हायेत."

तिने ते टोमणा म्हणून म्हटले नव्हते. नातवाच्या बाबतीत काही चुकू नये, एवढेच तिला पाहिजे होते. बाळंतिणीजवळ बसायचे सोडून ती बाई खडू घेऊन सावलीमागे धावली होती.

मी चिठ्ठी घेतली. तिने सांगितलेले सगळे लिहून काढले, सावली, फरशी, घड्याळ. तिने वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले. ती मान हलवत ऐकत राहिली.

"बरोबर ना, बुवा?"

"बरोबर," मी म्हणालो.

"लेक बरी हाय," ती आपणहून म्हणाली. "सवतीची पोरं तिला आई म्हणतात."

माझ्या तोंडाशी आले होते. ती पायरी उतरली, तेव्हाही होते. हाक मारण्यासाठी मी उठलोही. तेवढ्यात अंगणात खर्डीची माणसे आली, आणि त्यांच्यातला एक दुसऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हेच ते, सप्तमातली अवस पकडणारे." ती त्यांना वाट देऊन बाजूला उभी राहिली, मग निघून गेली. मी खाली बसलो. नातवाची पत्रिका मांडली, तिच्या घरी पोचवली, आणि ती माझी शेवटची. स्वतः घेऊन गेलो नाही, दुसऱ्या कोणाच्या हाती दिली. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी ती आई वारली.

त्या दिवशी त्या माणसांच्या देखत मला एवढेच म्हणायचे होते: बाई, तुमची लेक श्रावणातल्या बीजेची. तुम्ही कोर बघितली होती. चारचौघांत मी तुम्हाला खोटे ठरवले. खोटा मी होतो. मला क्षमा करा.